दोन दारांचं टेबल

आमच्या गल्लीत तिला ओळंबा म्हणतात. तोंडावर मावशी आणि पाठ फिरली की ओळंबा. भिंत सरळ चढतेय का हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून खाली सोडतो, तोच हा ओळंबा. नाव कुणी ठेवलं माहीत नाही, पण ठेवणाऱ्याला माणसाची पारख होती. ही बाई कुणाच्या घरी दुःखाच्या भेटीला गेली तरी आधी भिंतीवरची तिरकी तसबीर सरळ करते, मग डोळे पुसते. न्हाव्याच्या दुकानाची पाटी एका कुशीवर कलली होती, तेव्हा रस्त्यातूनच त्याला म्हणाली, "बाहेर ही तऱ्हा, तर आत डोकी कशी कापत असशील रे?" न्हाव्यानं गिऱ्हाईक साबण लावलेलं तसंच बसवून ठेवलं आणि शिडी आणली.

तिच्यावर लिही असं मला कुणी सांगितलेलं नाही. परवा एका सभेत एक गृहस्थ म्हणाले की गोधडीचं काम म्हणजे बायकांनी रिकाम्या वेळात तुकड्याला तुकडा जोडणं. मी तिथंच उठणार होते. शेजारणीनं माझा हात घट्ट धरून ठेवला म्हणून ते वाचले. आता कागदावर माझा हात कोण धरणार? तेव्हा ऐका.

आमची गल्ली गोधड्यांची. वर तुकड्यांची नक्षी, मध्ये कापूस आणि खाली एक सलग मोठं कापड, म्हणजे अस्तर. नक्षीचं कौतुक सगळे करतात. अस्तराकडं कुणी बघत नाही, आणि गोधडीचं सगळं बरंवाईट त्या अस्तरावर असतं. ताक्यावरून उलगडलेलं कापड सरळ दिसतं, पण सरळ नसतं. गुंडाळताना, ओढताना, गठ्ठ्यात दाबून पडताना त्याचे आडवे धागे एका बाजूला सरकलेले असतात. तसंच कापलं, शिवलं, तर पहिल्या धुण्यात ते आपली खोड दाखवतं. गोधडी अशी पिळवटते की चारी कोपरे चार दिशांना तोंड फिरवून बसतात, रुसलेल्या भावंडांसारखे.

म्हणून कापण्याआधी कापड सरळ करायचं. सुतार ज्या गुण्यानं काटकोन तपासतो तो आमच्याकडंही असतो. चारी कोपरे त्याला बसले, आणि आतले धागेही त्याच्याशी जुळले, की आम्ही म्हणतो कापड गुण्यात आलं. नुसता गुण्या ठेवून कात्री चालवणारे पुष्कळ. त्यात कडा सरळ येतात, धागा वाकडाच राहतो. ओळंबा आधी काठाजवळ बारीक चीर देते, एक आडवं सूत चिमटीत धरून हळूहळू ओढते, ते सूत जिथून निघालं तिथं कापडावर रेघ उमटते, आणि त्या रेघेवरून कापते. दोन्ही टोकांना असंच. मग काठाला काठ लावून घडी घालते. कोपरे जुळले तर ठीक. ते जुळत नाहीतच. मग कापड ओलं करायचं आणि जे दोन समोरासमोरचे कोपरे एकमेकांच्या जास्त जवळ आलेत ते धरून तिरकं ओढायचं, धागे आपल्या जागी जाईपर्यंत. गल्लीतल्या सगळ्या जणी आपापली मोठी कापडं तिच्याकडंच आणतात. कारण हे करायला मोठं टेबल लागतं, आणि ते फक्त तिच्याकडं आहे.

ते टेबल म्हणजे तिच्या घरातली दोन दारं. धंदा सुरू केला तेव्हा तिच्या नवऱ्यानं आतल्या दोन्ही खोल्यांची दारं बिजागऱ्यांवरून उतरवली, रंधा मारून सपाट केली, लाकडी घोड्यांवर शेजारी शेजारी टाकली. त्या दिवसापासून घराला बाहेरचं सोडून दार नाही. खोल्यांना पडदे. नवरा होता तोवर एक कोपरा तो ओढायचा, दुसरा ही. तो गेल्यावर हिनं खिडकीच्या गजाला जोडीदार केलं. टेबलाच्या डाव्या अंगाला खिडकी, म्हणून डावा कोपरा गजाला बांधायचा आणि आपण समोरून ओढायचं. एखाद्या कापडाचा उजवा कोपरा ओढायची गरज असली तर ती कापडच पालथं घालायची, म्हणजे उजवा डावा व्हायचा आणि पुन्हा गजालाच जायचा. इतकी वर्षं हेच. तिच्या हातांना दुसरी बाजू ठाऊकच नव्हती. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

एकुलता मुलगा टेम्पो चालवतो. शांत, सोशीक. मावशी म्हणते, हा माझा उरेब तुकडा, तिरक्या धाग्यावर कापलेला, कुठूनही ओढा, ताणेल पण फाटणार नाही. त्यानं लग्न केलं वाफेच्या लाँड्रीत काम करणाऱ्या मुलीशी. उंच, मनगटं जाड, बोलणं थोडकं आणि नेमकं. सकाळपासून दुपारपर्यंत मोठमोठ्या चादरी समोरासमोर उभं राहून झटकायच्या, ओढायच्या, घडी घालायच्या, हे तिचं काम. घरात पाऊल टाकल्यावर तिनं सगळीकडं नजर फिरवली आणि पहिला प्रश्न विचारला, आमच्या खोलीचं दार कुठंय?

मावशी म्हणाली, पडदा आहे की. काठ बघ, एका सुतात शिवलाय.

पडदा सरळ होता यात वाद नाही. पण पडद्याला कडी नसते. सासू पहाटे उठून खाकरली की सुनेच्या उशाशी खाकरल्यासारखं व्हायचं. दुपारी अस्तरं घेऊन आलेल्या बायका पडदा सारून डोकवायच्या आणि विचारायच्या, झोपलीस का गं? आता झोपलेलं माणूस या प्रश्नाला काय उत्तर देणार? सुरुवातीला ती हसून सांगत होती, मग न हसता, मग तिनं बोलणंच तोडलं आणि मुलगा पडद्याच्या अलीकडं की पलीकडं उभं राहावं या विचारात टेम्पोतच जास्त वेळ बसू लागला.

गोधडीवाल्या बायकांची संघटना मी चालवते, म्हणून समजूत घालायला मी गेले. सुनेला सांगितलं, बाई गं, दार तुझ्या एकटीचं, पण टेबल साऱ्या गल्लीचं. ते मोडलं तर सगळ्यांच्या हाताचं काम जाईल. ती चादरीची घडी घालत होती. घडी पूर्ण केली आणि म्हणाली, "तुम्ही बायकांच्या हक्कांवर बोलता ना चौकात? आतून कडी लावून झोपायचा हक्क त्यात बसतो का नाही?" मी चपला घातल्या आणि घरी आले.

अशात ते मोठं काम आलं. शहरात नवं नाट्यगृह बांधलं होतं. इमारत देखणी, पण आत कुणी शिंकलं तरी मागच्या भिंतीवरून शिंक परत यायची. कुणीतरी व्यवस्थापकांना सुचवलं की त्या भिंतीवर जाड गोधडी टांगा, आवाज गिळून टाकेल. भिंतभर गोधडी. असली मोठी कामं आजवर गोडबोल्या न्यायचा. हा आमच्या धंद्यातला दलाल. जिभेवर साखर, मुठीत गल्ली. काम तो आणणार, अटी तो घालणार, नाव त्याचं लागणार. या वेळी मी त्याच्या आधी पोचले आणि संघटनेच्या नावानं काम मागितलं. व्यवस्थापक माणूस सरळ होता. म्हणाला, अंथरायची गोधडी वेगळी आणि टांगायची वेगळी. पलंगावर वाकडेपणा खपतो. भिंतीवर कापड स्वतःच्या वजनानं लोंबतं आणि धागा तिरका असला तर महिन्याभरात एका बाजूला ओघळतं. तुम्ही आधी नुसतं अस्तर सरळ करून आणा, आम्ही टांगून बघू. सरळ लोंबलं तर काम तुमचं. नाहीतर त्या दलालाचं.

ही बातमी गल्लीत माझ्या आधी पोचली. मी परतले तर गोडबोल्या मावशीच्या दाराशी उभा, आणि भोवती निम्मी गल्ली. मोठ्या काळजीनं विचारत होता, "मावशी, टेबल दोन दारांचं, कापड नाटकाचं. कसं जमायचं हो?"

मावशी उसळली. तिला शिव्या चालतात, कीव चालत नाही. ती म्हणाली की तिच्या टेबलावरून आजवर एक कापड वाकडं गेलेलं नाही आणि हेही जाणार नाही.

तेवढ्यात आतला पडदा सरकला. सून बाहेर आली. ओले केस टॉवेलात गुंडाळलेले, आवाज शांत.

"आणि गेलं तर?"

मावशीनं सुनेकडं पाहिलं, मग आमच्या सगळ्यांकडं. आता मागं सरणं तिच्या रक्तात नाही.

"तर तुझं दार तुला. मी स्वतः सुताराला बोलावीन."

"आणि सरळ झालं तर?"

"तर पुन्हा दाराचं नाव काढायचं नाही. याच टेबलावर करून दाखवते, या टेबलावर." तिनं टेबलावर थाप मारली. "कबूल?"

"कबूल," सून म्हणाली आणि केस पुसत आत गेली. गोडबोल्या असा हसला, जणू घर दुसऱ्याचं पेटलं होतं आणि त्याला शेकायला आयती धग मिळाली होती.

कापड आलं. कोरं, जाड सुती, भरपूर पन्ह्याचं, दोघांना उचलवेना. आधी धुऊन त्याची खळ काढायला हवी होती, आणि एवढं धूड घरात धुणार कुठं? ते सुनेच्याच लाँड्रीत गेलं. तिनं ते धुतलं, पिळलं, मुलाच्या टेम्पोतून घरी आणलं आणि टेबलाजवळ ठेवून सांगितलं, हे माझं नोकरीतलं काम, पैज वेगळी. खळ गेल्यावर कापडानं आपलं खरं रूप दाखवलं. दोन्ही टोकांची सुतं काढताना मावशीची बोटं सोलवटली. सूत मध्येच तुटायचं, मग पुन्हा टोक शोधायचं, पुन्हा ओढायचं. शेवटी दोन्ही टोकं धाग्यावर कापून झाली. घडी घातली. कोपरे जुळले तर नाहीतच, त्यांच्यात वीतभर अंतर राहिलं.

मग तिनं नेहमीप्रमाणं डावा कोपरा गजाला बांधला आणि समोरून ओढायला सुरुवात केली. पण टेबलावर कापडाचा एक भागच मावत होता. बाकीचं ओलं ओझं दोन्ही बाजूंनी जमिनीकडं खेचत होतं. मधलं सरळ केलं की टोकं परत फिरत. टोकं धरली की मधलं. मी मदतीला आले, मुलगा आला, आम्ही तिघं टाचा रोवून मागं झुकलो. शेवटी काहीतरी वाकलं, पण तो खिडकीचा गज होता. कापड होतं तसंच.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्यांदा ओलं करून बांधलं तेव्हा मावशीनं ओढलंच नाही. टेबलाच्या पायाशी भिंतीला टेकून जमिनीवर बसली. भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं झालं होतं आणि तिनं ते बघूनही सरळ केलं नाही. ही हरली तर दार जाईल ते जाईल, पण उद्यापासून गल्लीतली प्रत्येक बाई पुन्हा गोडबोल्याच्या ओट्यावर उभी राहणार होती, आणि सगळ्यांसमोर शब्द देणारी ही एकटी होती.

सून लाँड्रीतून परतली. चपला काढता काढता तिनं ते सगळं पाहिलं. वाकलेला गज, जमिनीवर लोळणारं कापड, जमिनीवर बसलेली सासू. ती आत गेली नाही. कापडाचा काठ उचलून बोटांत फिरवला आणि म्हणाली की हे गजाचं काम नाही. लाँड्रीत मोठी चादर कधी एका जागी धरून ओढत नाहीत. दोन्हीकडून काठाकाठानं हात सरकवत जातात. एकीनं ओढलं की समोरचीनं जरा ढील द्यायची, मग तिनं ओढायचं. गज ढील देत नाही, म्हणून कापड त्याच्याशी हट्ट करतं. आणि एवढं मोठं कापड टेबलावर कशाला? बाहेर गल्ली आहे की अख्खी.

मावशीनं मान वर केली. "पैज जिंकत होतीस की. गप्प बसायचं सोडून शिकवत काय बसलीस?"

सुनेनं केसांची गाठ घट्ट केली. "घरात भांडीन मी तुमच्याशी, जन्मभर भांडीन. पण त्या माणसाला गल्लीत हसताना नाही बघवायचं मला."

सकाळी गल्ली झाडून धुतली. टेम्पो हलला, सायकली आत गेल्या, ताडपत्र्या अंथरल्या. ज्यांची अस्तरं आजवर त्या टेबलावर सरळ झाली त्या सगळ्या बायका बाह्या वर करून आल्या. गुंडाळलेलं कापड आम्ही खांद्यांवरून बाहेर आणलं, उलगडलं, पाणी शिंपडलं. ते या पायरीपासून त्या पायरीपर्यंत पसरलं आणि गल्ली एकदम एखाद्या मोठ्या घराची खोली वाटायला लागली. न्हाव्याच्या दुकानात गोडबोल्या दाढीला बसला होता. तो एका गालाला साबण असताना बाहेर आला.

मावशी एका टोकाला, सून समोरच्या टोकाला, काठांवर आम्ही सगळ्या. मावशीनं हाक दिली, डावा कोपरा धरा, तिरकं ओढा. आम्ही ओढलं. काय ताकद लागली म्हणून सांगू, कापडातून पाणी मोत्यांसारखं बाहेर आलं. थांबून घडी घालून पाहिली. वीतभर होतं ते अंतर आता हातभर झालं होतं.

कुणाला काही कळेना. मावशी म्हणाली, पुन्हा, जोरात. पुन्हा ओढलं. आणखी वाढलं. न्हाव्याच्या पायरीवरून आवाज आला, "नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतात. तुम्ही तर नाचायला अंगणातच आलात." दोन-तीन पुरुष हसले. त्यांची नावं मला माहीत आहेत.

सुनेनं आपला कोपरा शेजारणीच्या हातात दिला आणि निघाली. कापडाच्या कडेकडेनं, सगळ्यांच्या नजरेसमोरून, गल्लीच्या या टोकापर्यंत चालत आली. मला वाटलं, झालं. आता ही चारचौघांत सासूचं माप काढणार आणि दार घेऊन जाणार. मी मावशीच्या अगदी जवळ उभी होते म्हणून मला ऐकू आलं. ती खाली वाकून सासूच्या कानाशी बोलली.

"आई, उलगडताना कापड पालथं पडलंय. आपण लांबचे कोपरे ओढतोय."

मावशीनं खाली पाहिलं. काठाकडं, मग स्वतःच्या हातांकडं. इतकी वर्षं कापड गजाला शरण जात होतं, म्हणून हातांना डावाच कोपरा ठाऊक होता. इथं गज नव्हता, आणि एवढं ओलं धूड पालथं घालायची सोयही नव्हती. बाजू माणसानंच बदलायला हवी होती. तिचे ओठ हलले. मला वाटलं ती आता सुनेला फाडफाड बोलणार, कारण चूक पकडली गेल्यावर मी स्वतः तेच केलं असतं.

तिनं हात वर केला. "सोडा सगळ्यांनी. चूक माझी आहे. उजवा कोपरा घ्या." मग सुनेच्या पाठीवर थाप दिली, जशी टेबलावर मारली होती तशीच. "आणि आता हिचं ऐका. हाक ही देईल."

हाक सुनेनं दिली. लाँड्रीतल्या आवाजात दिली, यंत्रांच्या वर चढायची सवय असलेल्या आवाजात. ओढ. ढील. सरक. ओढ. ढील. सरक. काठांवरून आमचे हात मुंगीच्या पावलांनी पुढं जात होते. ती ओढायची तेव्हा मावशी ढील द्यायची, मावशी ओढायची तेव्हा ती. घरात दोघींनी एकमेकींना एवढी ढील कधी दिली नव्हती. थोड्या वेळानं ती लय सगळ्यांच्या अंगात भिनली, बायका हाकेआधीच सरकू लागल्या, कुणीतरी हसायला लागली आणि ते हसू काठाकाठानं गल्लीच्या त्या टोकापर्यंत गेलं. कापड कुरकुरत होतं. जुन्या खाटेसारखं कुरकुरत होतं, आणि धागे एकेक करून जागेवर बसत असल्याचं तळहातांना कळत होतं.

"घडी," सून म्हणाली.

लाँड्रीतल्या पद्धतीनं आम्ही दोन्ही बाजूंनी काठ उचलून एकमेकींकडं चालत गेलो. काठाला काठ लागला. मावशी आणि सून, दोघी एकाच कोपऱ्याशी वाकल्या. कोपऱ्यावर कोपरा बसला. दुसऱ्या टोकालाही बसला. मावशीनं घडीची दुमड उचलून धरली आणि लोंबू दिली. अस्तर वाकडं असलं की त्या दुमडीवर लाटा येतात. एकही लाट नव्हती. तिनं गुण्या लावला, एक बोट दुमडीवरून फिरवत गेली, परत फिरवत आली.

"आलं गुण्यात," ती म्हणाली.

मग गल्लीत जो कल्ला झाला तो मला लिहिता येणार नाही. न्हाव्यानं कैची आणि कंगवा एकमेकांवर वाजवले. गोडबोल्याच्या गालावरचा साबण वाळून पांढरा पडला होता आणि आता उरलेली दाढी कुणी करून देईना, कारण न्हावी आमच्या घोळक्यात होता. कापड पुन्हा पसरून त्याच्या कडांवर इस्त्र्या, विटा, पालथी पातेली, जे हाताला येईल ते वजन ठेवलं आणि जागेवर वाळू दिलं. संध्याकाळपर्यंत एक मांजरही त्यावरून गेलं नाही. बायका पाळीपाळीनं राखण करत होत्या.

नाट्यगृहात ते वर आडव्या दांड्याला टांगलं. खाली सोडलं तेव्हा खालची कड जमिनीला एकदम लागली, दोन्ही टोकांना एकाच क्षणी. व्यवस्थापक खाली बसून, डोळा बारीक करून बघायला लागला. मावशीनं पिशवीतून दोरी काढली, टोकाला लोखंडी नट बांधलेला. ती स्टुलावर चढली, दोरी काठाच्या वरच्या टोकाला धरली आणि सोडली. नट झुलला, मंदावला, थांबला. काठ आणि दोरी एकमेकांवर अशी बसली की दोरी कुठली आणि काठ कुठला हे दोन पावलांवरून ओळखता येईना.

"काम तुमचं," तो म्हणाला.

परतताना टेम्पोच्या मागं आम्ही सगळ्या उभ्या होतो आणि सगळ्या गल्ल्यांनी आम्हाला बघावं अशा आवाजात बोलत होतो. फक्त सून मागं पडणारा रस्ता बघत होती. ती पैज हरली होती. तिच्याच हाकेनं हरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीच्या घरातून भांडणाचा आवाज आला, तशी मी धावत गेले. बघते तर सुतार हातोडी घेऊन उभा, आणि सासू-सून समोरासमोर. मावशी म्हणत होती की ती हरली. पैज काय होती? याच टेबलावर. कापड टेबलावर झालं का? नाही, गल्लीत झालं. मग दार सुनेचं. सून म्हणत होती, अहो, कापड सरळ झालं ना, मग मी हरले, मला नको दार. मावशी म्हणाली, शब्द म्हणजे शब्द. सून म्हणाली, शब्दाचं मला शिकवू नका. हरण्यासाठी एवढ्या ईर्ष्येनं भांडणाऱ्या दोन बायका मी आयुष्यात पाहिल्या नव्हत्या. सुतारानं शेवटी विचारलं, बायांनो, मी बसू का उभा राहू?

दार उतरलं. दोघींनी मिळूनच ते उचललं आणि चौकटीला लावलं. आणि बसलं नाही. वरच्या एका कोपऱ्याला अडकत होतं, दुसऱ्या बाजूला फट. सुतारानं चौकटीला गुण्या लावला आणि शीळ घातली. घर जुनं. इतक्या वर्षांत चौकट एका कुशीवर कलली होती. पडदा असल्यानं कुणाला दिसलं नव्हतं. दार मात्र टेबल झाल्यापासून मावशीनं काचेसारखं सरळ राखलं होतं. साऱ्या जगाच्या पाट्या सरळ करणारी बाई वाकड्या चौकटीतून रोज आत-बाहेर करत होती.

"मावशी," सुतार म्हणाला, "नाचता येतं तुम्हाला, पण इथं अंगणच खरोखर वाकडं आहे. चौकट काढायची तर भिंत फोडावी लागेल. नाहीतर दाराचा वरचा कोपरा तिरका तासतो."

सगळे तिच्याकडं बघायला लागलो. तिनं दाराच्या कडेवर तळहात ठेवला.

"घराला दोन्ही कोपऱ्यांनी धरून ओढता नाही येत?"

"येतं की. मग गल्लीत झोपा."

सून म्हणाली, राहू द्या आई, पडदा काय वाईट आहे. मावशीनं तिच्याकडं बघितलं आणि हात काढून घेतला.

"तास," ती सुताराला म्हणाली. "पोरीला झोपू दे दार लावून."

रंध्याखालून भुसा आणि सालपटं पडत होती आणि ती तिथून हलली नाही. शेवटपर्यंत उभं राहून बघितलं. दार बसलं. कडी सुतारानं नवी लावली.

ती गोधडी आता नाट्यगृहात आहे, कुणीही जाऊन बघावी, आणि शिंक परत येते का तेही बघावं. संघटनेकडं मोठी कामं येतात. उरलेल्या एका दाराच्या टेबलावर लहान कापडं होतात, मोठी सगळी सकाळी गल्लीत. हाक सून देते, आणि उजवा की डावा ते आधी मावशी बघते, दोनदा बघते. वाकलेला गज तिनं सरळ करून घेतलेला नाही. म्हणते, राहू दे, त्यानं बरीच वर्षं काम केलंय.

त्या दाराची वरची कड तिरकी आहे. घरात येणाऱ्या प्रत्येकाच्या ती डोळ्यांत भरते, आणि कुणी काही बोलायच्या आत मावशी त्याला दुसरीकडं बसवते. पण दुपारी सून कामावरून येते, दार लोटते आणि आतून कडी सरकल्याचा खणखणीत आवाज येतो, तेव्हा मावशी हातातलं सूत ओढायचं थांबते. एकदा मी समोरच बसले होते. तिनं कान देऊन तो आवाज ऐकला आणि मला म्हणाली, "लागली बघ. एका झटक्यात."